आखूड नळीची दारू

लॉइड हिएटालाचा सगळा जन्म दारूपायी गेला, असं मराठीत सांगितलं तर ऐकणारा हळहळेल आणि त्याच्या बायकोला, इर्माला, धीराचे दोन शब्द सांगायला धावेल. तशी गरज नाही. लॉइड प्यायचा ती फक्त कॉफी. त्याची दारू डब्यात मिळणारी, काळपट दाण्यांची, बंदुकीच्या काडतुसात भरायची. पण संसाराच्या दृष्टीने फार फरक पडतो असं इर्माला कधी वाटलं नाही. नवरा रोज संध्याकाळी तळघरात जाऊन बसतो, हाक मारली तर ओ देत नाही, वर आला की तेच तेच बोलतो आणि अडवलं की चिडतो. लक्षणं सारखीच होती.

मिशिगनच्या वरच्या टोकाला, जिथे सहा महिने बर्फ आणि उरलेले सहा महिने बर्फाच्या गप्पा असतात, तिथे लॉइडने एकतीस वर्षं काउंटीचा बर्फ उपसायचा ट्रक चालवला. निवृत्त झाल्यावर माणसं मासे पकडतात, नातवंडं खेळवतात. लॉइडने तळघरातलं टेबल वाढवून घेतलं. वापरलेलं पितळी काडतूस धुवायचं, मापात आणायचं, त्याच्या बुडाला नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि तोंडावर गोळी दाबून बसवायची, हा त्याचा नित्यनेम. शेवटी बुडाच्या टोपीभोवती नेलपॉलिशचं एक बारीक लाल कडं काढायचं, म्हणजे दमट हवा आत शिरत नाही. नेलपॉलिश इर्माचं. भाचीच्या लग्नासाठी आणलेली बाटली तिने एकदाच उघडली होती, पुढची सगळी काडतुसांच्या कामी आली.

स्वयंपाकात मीठ कमी की जास्त हे लॉइडला जन्मात कळलं नाही. दारूचा एक दाणा जास्त पडला तर मात्र तो चिमट्याने उचलून परत डब्यात ठेवी.

"दुकानातलं काडतूस म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास," तो म्हणे. हे वाक्य त्याने लग्नाच्या मेजवानीतसुद्धा म्हटलं होतं, समोर घास होता म्हणून. त्याला एक्केचाळीस वर्षं झाली, पण दुकानाच्या गोळीला त्याने हात लावला नाही. सैन्याच्या जुन्या काडतुसांचं एक पोतं त्याने तरुणपणी मिळवलं होतं. तीच काडतुसं तो फिरून फिरून भरी. प्रत्येकाच्या बुडावर सालाचे दोन आकडे होते आणि ते आकडे तो कुळाचं नाव सांगावं तसे सांगे. इर्माचा धाकटा भाऊ डुएन त्याला "प्रोफेसर" म्हणायचा. लॉइडला ती पदवी वाटली.

आता या विद्वानाच्या विद्येची कसोटी लागायची वेळ आली, ती इर्मामुळे.

इर्माच्या बापाची, आर्वो ओलिलाची, रानात एक खोपटी होती आणि खोपटीपासून अर्ध्या मैलावर सिडारच्या दलदलीत एक मचाण. नऊ वर्षांची असल्यापासून इर्मा बापाशेजारी त्या मचाणावर बसायची, कॉफीचा थर्मास मांडीत धरून, न बोलता, न हलता. पाच वर्षं. मग डुएन बारा वर्षांचा झाला आणि बाप त्याला घेऊन जायला लागला. इर्माला पास्टीचं, म्हणजे तिकडच्या मोठ्या करंजीचं, पीठ मळायला बसवलं. बापाने ते मुद्दाम केलं असंही नाही. त्याला दुसरं काही सुचलंच नाही, आणि तेच इर्माला जास्त लागलं. त्यानंतर पन्नासएक नोव्हेंबर तिने मांस, बटाटे आणि रूटाबागाचे कंद चिरून पास्ट्या भाजल्या, टॉवेलात गुंडाळून खोपटीवर पाठवल्या आणि पुरुषांनी परत आणलेल्या बढाया ऐकल्या.

सदुसष्टाव्या वर्षी खुबा बदलून झाल्यावर ती ईस्टरच्या जेवणात सगळ्यांसमोर म्हणाली, "या वर्षी बाबांच्या मचाणावर मी बसणार."

डुएन हसला. मग ती हसत नाही हे पाहून त्याने नियम काढले. खोपटी आता त्याच्या नावावर होती आणि ज्याच्या नावावर छप्पर असतं त्याला नियम सुचतात.

"बस की. पण भिंत ठाऊक आहे ना?"

भिंत सगळ्यांना ठाऊक होती. ज्याचा नेम चुकला किंवा ज्याने हरीण जखमी करून हरवलं, त्याच्या शर्टाचं मागचं शेपूट कात्रीने कापायचं, वर नाव, साल आणि पराक्रम लिहायचा आणि खोपटीच्या भिंतीला खिळ्याने ठोकायचं. डुएनची स्वतःची तीन शेपटं तिथे होती. एकावर लिहिलं होतं, 'चाळीस पावलं, हरीण आडवं उभं, डुएन झोपलेला असावा.' लॉइडचं एकही नव्हतं, आणि हे तो पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगे.

"तुझं शेपूट त्या भिंतीवर लागलं," डुएन म्हणाला, "तर मचाण माझ्या जावयाचं. पुढच्या वर्षी तू आपली पास्ट्या कर. कबूल?"

"कबूल," इर्मा म्हणाली. "आणि नाही लागलं तर मचाण माझं, मी चढू शकेन तोवर."

लॉइडने बायकोची बाजू घेतली, म्हणजे तळघरात गेला. तिच्या अंगाला जड बंदूक झेपणार नव्हती आणि मचाणाभोवती सिडारच्या फांद्या इतक्या दाट, की लांब नळी अडकलीच असती. त्याने एक जुनी रायफल काढली, कारागिराकडून नळी साडेसोळा इंचांवर कापून घेतली आणि दस्ता तिच्या खांद्याला बसेल असा आखूड करून घेतला. हे काम त्याने अगदी बरोबर केलं. त्यामुळे पुढचं बिघडणं भागच होतं.

उन्हाळाभर त्याने गोळी निवडली. लोक इतक्या विचाराने जावई निवडत नाहीत. तीन वह्या भरल्या. शेवटी त्याने तांब्याची एक टणक, टोकदार गोळी पसंत केली आणि सावकाश जळणारी दारू, कारण पुस्तकात त्या जोडीचा वेग सगळ्यांत जास्त दिला होता. तो आकडा त्याने वहीत लाल शाईने लिहून त्याभोवती चौकोन काढला. पुस्तकातला आकडा दोन फुटी नळीवर काढलेला आहे, हे त्याच पानावर तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. प्रोफेसर लोक बारीक अक्षर वाचत नसतात, ते लिहितात.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला दोघं वाळूच्या खाणीवर गेले. लॉइडने गोळीचा वेग मोजायचं यंत्र मांडलं आणि पलीकडे पाणी भरलेले दुधाचे सहा डबे एका रांगेत ठेवले. इर्माने चाप ओढला. नळीपुढे होळी पेटल्यासारखा भडका झाला, आवाजाने तिचे दात वाजले आणि डोळे आपोआप मिटले.

लॉइड यंत्राकडे गेला, वाकून पाहिलं, यंत्र हलवलं.

"काय म्हणतंय?" इर्माने विचारलं.

"चुकतंय. ऊन तिरपं आहे."

दुसऱ्या वेळी ढग आले, तेव्हा ढगामुळे चुकलं. तिसऱ्या वेळी थंडीमुळे. चौथ्या वेळी तो म्हणाला, "बॅटरी गेलीय याची."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तिकडे नाही, पण अंगण सगळीकडे असतं. इर्मा डब्यांकडे गेली. सहाही डब्यांना पेन्सिलीएवढी भोकं पडली होती आणि मागच्या वाळूत गोळी रुतली होती. तिने ती उकरून काढली. टोक जसंच्या तसं, आत्ता दुकानातून आणल्यासारखं.

"बघितलंस कशी घुसली!" लॉइड म्हणाला.

"घुसली रे. आत शिरून फुलायला हवी ती, फुलली कुठे? अशी हरणातून गेली तर त्याला कळायचंसुद्धा नाही. ते जाईल दलदलीत दोन मैल आणि तिथे तडफडत मरेल. आणि माझ्या शर्टाचं शेपूट भिंतीवर."

"टणक गोळी आहे. तिला वेग लागतो."

"मग वेग आहे का? अरे, एवढीशी नळी. तुझी दारू जळते नळीच्या बाहेर, माझ्या तोंडासमोर. मंद आचेची भाकर करायची आणि दोन मिनिटांत तवा उतरवायचा, असं चाललंय तुझं."

"तुला यातलं कळत नाही, इर्मा."

"नसेल कळत. डोळे मिटतात माझे, तेवढं कळतं."

लॉइडने यंत्र गुंडाळलं. घरी येईपर्यंत तो बोलला नाही आणि नंतरचे आठ दिवस फक्त "मीठ दे" म्हणाला. इर्माने हाय खाल्ली. तिला नवऱ्याचा राग येत होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती. साठ वर्षांपूर्वी थर्मास धरून बसलेली ती मुलगी अजून तिथेच बसलीय असं तिला वाटे, आणि आता तिला परत खाली उतरवणार ते नवऱ्याच्या हट्टापायी. दुकानातून साधी काडतुसं आणावीत असं दोनदा मनात आलं. पण गावातल्या दुकानात प्रोफेसरची बायको गोळ्या घ्यायला गेली, तर संध्याकाळच्या आत डुएनला कळलं असतं. आणि लॉइडला ते सोसलं नसतं. त्याच्याकडे अभिमान एवढा एकच होता, तोही तिच्याच नेलपॉलिशवर चाललेला.

नवव्या दिवशी लॉइड सकाळीच जाकीट चढवून निघाला.

"कुठे?"

"एस्कनाबाला. गवत कापायच्या मशीनचा पट्टा तुटलाय."

अंगणात चार बोटं बर्फ होता. मशीन सप्टेंबरातच ताडपत्रीखाली गेलं होतं. पण इर्मा त्याच्याशी एका शब्दापलीकडे बोलत नव्हती, तेव्हा तिने हेही विचारलं नाही. सत्तर मैल जाऊन तो अंधार पडायच्या आत आला आणि थेट तळघरात गेला.

दोन दिवसांनी त्याने तिच्यासमोर आपली प्लास्टिकची डबी ठेवली. "थोडा बदल केलाय. हलकी मऊ गोळी, लवकर जळणारी दारू."

काडतुसांची बुडं लालभडक होती. नेहमीचं बारीक कडं नव्हतं, सगळं बूडच रंगवलं होतं.

"बाटली सांडली का?"

"दलदल आहे ती. ओल शिरते," लॉइड म्हणाला.

खाणीत तिने दोन बार काढले. भडका नाही, धक्का मामुली, डोळे उघडे. दोन्ही भोकं एका बशीत मावतील अशी, आणि वाळूत सापडलेली गोळी अळंबीसारखी फुललेली. यंत्र त्याने मांडलंच नाही. काडतुसं मात्र जमिनीवर पडायच्या आत उचलली, इतकी गरम असताना की बोटं पोळून घेतली. इर्मा मनात म्हणाली, हट्टी आहे पण हात आहे याच्याकडे. बोलून दाखवलं नाही. तेवढं बोललं असतं तर पुढचं वर्षभर ऐकावं लागलं असतं.

पंधरा नोव्हेंबरला, हंगामाच्या पहिल्या सकाळी, ती बापाच्या मचाणावर चढली. शिडीच्या नऊ पायऱ्यांना तिला नऊ मिनिटं लागली. साडेआठच्या सुमारास सिडारमधून एक नर बाहेर आला, सहा टोकांच्या शिंगांचा, ऐंशी पावलांवर. आखूड नळी फांद्यांमधून अलगद वळली. तिने श्वास सोडला आणि चाप ओढला. हरणाने दहा पावलं टाकली आणि ते गुडघ्यांवर बसलं, मग कुशीवर कलंडलं. एवढंच. इर्माने खटका मागे ओढला आणि बाहेर आलेलं काडतूस न बघता खिशात टाकलं, कारण रिकामं काडतूस जमिनीवर टाकणं हे तिच्या घरात जेवण फेकण्याइतकं वाईट होतं. मग ती रडली. बाप नव्हता, थर्मास होता. तिने त्यातली कॉफी प्यायली आणि नाक पुसलं.

लॉइड धापा टाकत आला. त्याने हरणाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काडतूस कुठंय?"

इर्माला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "हरीण तिकडे आहे."

"दिसलं ते. छान झालं. काडतूस कुठंय?"

सदुसष्ट वर्षांची बाई पन्नास वर्षांची आस पुरी करून शिडीवरून उतरते आणि नवरा विचारतो काय, तर पितळ. काडतूस तिच्या जाकिटाच्या खिशात होतं. पण आता ते देणं तिच्या जिवावर आलं.

"पडलं असेल बर्फात," ती म्हणाली.

लॉइड गुडघ्यांवर बसला आणि हातमोजे काढून बर्फ उपसायला लागला. एकतीस वर्षं उपसला होता, तेवढ्याने भागलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पाव तास ती थंडपणे बघत उभी राहिली. एका काडतुसासाठी माणूस एवढा हलका होतो, असं तिच्या मनात येत राहिलं आणि हरणाचा आनंद जरा आंबला.

दुपारी खोपटीसमोरच्या आडव्या ओंडक्याला नर टांगला गेला. डुएनने त्याची शिंगं मोजली, गोळी लागलेली जागा बघितली आणि फक्त "हं" म्हणाला. त्याच्याकडून ते सुवर्णपदक होतं. पास्ट्या आल्या. या वर्षी त्या डुएनच्या बायकोने केल्या होत्या आणि रूटाबागा कमी होता, तरी इर्माने दोन खाल्ल्या.

आणि मग प्रोफेसर बोलायला उभे राहिले.

नळीची लांबी, दारूच्या जळण्याचा वेग, गोळीचं फुलणं, हाड, फुप्फुस, ओल, हवेचा दाब. उचलली जीभ लावली टाळ्याला. "पुस्तकावर कधी विसंबू नये," लॉइड म्हणाला आणि इर्माने पास्टीतून डोळे वर केले. "पुस्तक लांब नळीचं असतं. आखूड नळीचा विचार स्वतः करावा लागतो."

डुएन प्रथमच मन लावून ऐकत होता. "प्रोफेसर, जावयाची बंदूक पण आखूडच आहे. वीसएक भरून दे तसली."

लॉइडचा हात हवेत थांबला. "ते... वहीत बघावं लागेल."

"आत्ताच सगळं तोंडपाठ होतं तुला."

"दारू संपलीय ती."

इर्मा लाकडं आणायला म्हणून बाहेर आली. हात गरम करायला खिशात घातले, तर बोटांना काडतूस लागलं. तिने ते काढलं. बुडाच्या लाल थराला नखाने ओरखडा काढला आणि पॉलिश सालीसारखं सुटलं. खाली सालाचे आकडे नव्हते. खाली दुकानी कंपनीचं नाव होतं, ठळक, गोल, कोरं करकरीत.

ती लाकडांवर बसली. सत्तर मैल. गावातल्या दुकानातून घेतली असती तर डुएनला कळलं असतं, म्हणून सत्तर मैल, बर्फातून, गवताच्या मशीनचा पट्टा आणायला. आणि मग तळघरात बसून, एक्केचाळीस वर्षं ज्याला उष्टा घास म्हटलं, त्याची बुडं या माणसाने एक एक करून रंगवली. तिला हसू आलं. बर्फात गुडघ्यांवर बसलेला लॉइड तिला परत दिसला आणि आपण किती थंडपणे बघत राहिलो, याची तिला लाज वाटली.

आत आली तेव्हा डुएन पिच्छा सोडत नव्हता. "बरं, दारू नाही तर नाही. रिकामं काडतूस तरी दाखव. दाब किती पडला ते टोपीवरून कळेल मला."

लॉइडने इर्माकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने नुसता हात खिशातून बाहेर काढला असता, तर ऐकलेली एक्केचाळीस वर्षांची व्याख्यानं एका क्षणात वसूल झाली असती. असा योग बायकोच्या आयुष्यात दोनदा येत नाही.

"दलदलीत गेलं," इर्मा म्हणाली. "लॉइडने पाव तास शोधलं."

"प्रोफेसरने काडतूस सोडून दिलं?" डुएन म्हणाला. "जग बुडालं मग."

थोड्या वेळाने तिने लॉइडला बाहेर बोलावलं, ओंडक्यापाशी, आणि त्याच्या तळहातावर काडतूस ठेवलं. त्याने ते उलटं केलं, ओरखडा पाहिला आणि मूठ मिटली. मग तो हरणाकडे वळला.

"यंत्राची बॅटरी चांगली होती," तो म्हणाला.

"माहितीय. त्या सकाळी मीच नवी घातली होती."

लॉइडने काडतूस खिशात टाकलं.

"मला का नाही सांगितलंस?" इर्माने विचारलं.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, मी सांगत होते."

"म्हणालेच असते."

"तेच ना." तो बुटाने बर्फ उकरत राहिला. "आणि माझ्याने तशी काडतुसं बनत नव्हती, इर्मा. आठ दिवस केली मी, पण पाहिजे तशी जमेना. तुझं मचाण गेलं असतं."

एवढं तो आयुष्यात दारू सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलला नव्हता. इर्माने त्याचे बर्फाने लाल झालेले हात आपल्या हातमोज्यात घेतले, जरा वेळ धरले आणि मग म्हणाली, "शर्ट बाहेर काढ."

"का?"

"पन्नास वर्षांची आस पुरी झाली आणि तू आधी काडतूस विचारलंस. याहून मोठा नेम कुणाचा चुकलाय या खोपटीत?"

लॉइडने वाद घातला नाही. शर्ट बाहेर काढला, पाठ वळवली आणि उभा राहिला. तिने शिकारीच्या सुरीने शेपूट कापलं.

ते अजून भिंतीवर आहे. बाकीच्यांवर पावलं आणि पराक्रम लिहिलेत, यावर नेलपॉलिशने फक्त नाव आणि साल. डुएनने खूप विचारलं, दोघांनी सांगितलं नाही. लॉइड अजून त्याच्याच खाली उभा राहून व्याख्यान देतो, पुस्तकावर विसंबू नये म्हणतो, आणि इर्मा दर वर्षी नऊ पायऱ्या चढून मचाणावर बसते. काडतुसं तिला घरचीच मिळतात, लालभडक बुडाची. फक्त गवत कापायच्या मशीनचा तो पट्टा फार नाजूक निघाला. दर ऑक्टोबरात, पहिला बर्फ पडला की तुटतो.